रावजीचा जोड

गाडीवर जीपीएस बसवून झालं की रावजी धोडी त्यात दोन ठिकाणं साठवायचा. पहिलं गाडीमालकाचं घर. त्यासाठी तो स्वतः मागच्या सीटवर बसून तुमच्या घरी यायचा, गाडी उंबऱ्यासमोर उभी करायला लावायचा आणि मगच बटण दाबायचा. नुसता पत्ता टाईप केलेला त्याला चालत नसे. "पत्त्यावर टपाल येते शेठ. घरी मानूस येते. आधी घर टाका, मंग कुठं बी जा," असं म्हणायचा. दुसरं ठिकाण तो कुणाला न सांगता टाकायचा. त्याला नाव नसायचं. नकाशावर ते उघडलं तर चारी बाजूंनी निळं पाणी दिसायचं आणि मधोमध एक ठिपका.

ह्या दुसऱ्या ठिकाणावरून माझं आणि त्याचं भांडण झालं. चूक माझी होती हे आज मला मान्य आहे. पण त्यानं त्या दिवशी एक वाक्य सांगितलं असतं तर मी तसं वागलो नसतो, हेही खरं आहे. माझा हा राग अजून पुरता गेलेला नाही. रावजी मात्र गेला.

मी बर्फवाला. डहाणूला, आशागडच्या रस्त्यावर माझा बर्फाचा कारखाना आहे. सुरुवात केली ती सायकलच्या कॅरिअरवर, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन. लादी वितळायच्या आत खपवायची, म्हणून घाई करायची आणि घासाघीस करायची सवय लागली ती कायमची. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी काही घेतलं. लांब पल्ल्याची, जड, रुंद हँडलची मोटरसायकल. बोईसरची पाच-सहा मंडळी दर हिवाळ्यात कच्छपर्यंत जातात, त्यांच्यात मी सामील होणार होतो. त्यांच्या प्रत्येकाच्या हँडलवर जीपीएस होतं, म्हणून मीही मागवलं. बसवतं कोण, असं विचारलं तर सगळ्यांनी एकच खूण सांगितली. तलासरीला, हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर, पांढरी भूछत्री लावलेली टपरी.

भूछत्री म्हणजे बोटीवरच्या जीपीएसची अँटेना. बांबूच्या टोकाला एक मोडकी अँटेना खोचलेली, तीच दुकानाची पाटी. आत एक उंच, वाळलेला माणूस स्टुलावर बसून वायर सोलत होता. केस पांढरे, पण वय माझ्याएवढंच असावं. मी गाडी लावली, डबा पुढे केला आणि विचारलं, "किती दिवस?"

"आठ दिवस."

"चार वायरींना आठ दिवस? चार दिवसांत करा."

"नऊ."

"अहो, मी कमी करा म्हणतोय."

"आयकला."

"बरं, सहा."

"दहा."

शेजारच्या मगनभाई पंक्चरवाल्यानं हातातलं टायर खाली ठेवलं. "शेठ, हवे चूप रहेजो, नहीं तो दिवाळी आवी जशे," तो म्हणाला आणि पोट धरून हसायला लागला. मी गप्प बसलो. तेव्हा रावजीनं वर न बघता सांगितलं, "बरा, नऊ. तुमी गप बसला म्हनून."

उभ्या आयुष्यात माझ्याशी कुणी असा सौदा केला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी मंडळी निघणार होती. मी म्हटलं, आठव्या दिवशी संध्याकाळी गाडी पाहिजे. तो काही बोलला नाही. तो होकार आहे असं मी धरून चाललो.

त्या नऊ दिवसांत मी चार वेळा तलासरीला गेलो. कामावर नजर ठेवायला जात होतो, पण बघता बघता स्टूल ओढून बसायला लागलो. पहिल्या दिवशी त्यानं मला गाडीवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "आता उघडा. पयली नजर कुठं गेली?" मी म्हटलं, समोर, रस्त्यावर. "मंग त्याच्या जवल बसवायचा. मान खाली घालून बघायला लागला तं रस्ता सुटला." मी टाकीवर लावा म्हणत होतो, तिथं ऊन कमी लागतं. त्यानं ऐकलं नाही. हँडलच्या मधोमध, काचेच्या मागे ब्रॅकेट बसवलं, नटाखाली रबर घातलं, मग हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं, उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं, असं वीसेक वेळा. वायर कुठं ताणली जाते, कुठं चेपते, ते बघायला. तिथं त्यानं सैल सोडली आणि बाकीची टाकीखालून बॅटरीपर्यंत नेली.

यंत्राच्या तोंडाशी वायर सरळ न घालता तो आधी तिला खाली झोल द्यायचा. मी विचारलं, हे कशाला? "पानी उडी मारून नाय येत शेठ, वायरीवरून चालत येते. खाली उतार दिला तं तिथून टपकून जाते." बॅटरीजवळ फ्यूज. चावी बंद केली की यंत्रही बंद व्हावं म्हणून मधे रिले. ह्यातलं काही नवीन नव्हतं, कुठलाही चांगला वायरमन करील. नवीन होता तो त्याचा जोड. तारा पिळून टेप गुंडाळायचं काम त्याला बघवतसुद्धा नसे. तारा एकमेकींत विणायच्या, राळ लावायची, कथलाचा डाग द्यायचा, वरून रबरी नळी चढवून ती तापवून आवळायची. मग तो जोड तो एका बरणीत बुडवून ठेवायचा. बरणीत वरोरच्या समुद्राचं पाणी असायचं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बाहेर काढून करंट सोडायचा, दिवा लागला तर पुसून दोन्ही हातांनी ओढायचा. नुसता ओढायचा नाही, हिसका द्यायचा, तीन वेळा.

"अहो, दिसतोय ना पक्का," मी वैतागून म्हणालो.

"जोड डोल्यांनी नाय बघायचा शेठ. डोले खोटा सांगतात. वढून बघायचा."

"मोटरसायकल आहे ही. बोट नाही."

त्यावर तो खोकला. त्याला खोकला फार होता. राळेच्या धुरानं असेल असं मला वाटायचं.

रावजी बाहेर गेला असताना मगनभाईनं मला बाकीचं सांगितलं. पावसाळा संपला की तलासरीच्या पाड्यांवरून माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. रावजी तसा जात होता. एका वर्षी त्यानं धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, जान्याला, बरोबर नेलं. बोटीचं जीपीएस समुद्रात बंद पडलं, बोट भरकटली आणि पाकिस्तानच्या हद्दीत पकडली गेली. रावजी तीन वर्षांहून जास्त काळ पलीकडच्या तुरुंगात होता. जान्याही होता. रावजी चालत परत आला, जान्या पेटीतून आला. बोटीवरची वायर रावजीनं जोडली होती, तोच जोड सुटला, असं पाड्यावर सगळे म्हणतात. बहीण सुकरी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहते. पण तो परत आल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

"आणि रावजी काय म्हणतो?"

"ए तो एकच म्हणतो. मशीन बंद पडलं तेव्हा आमची बोट आपल्या बाजूला होती. कोण मानणार? सुकरी म्हणते, तूच त्याला पलीकडे नेलास." मगनभाईनं खांदे उडवले. "त्याला दुसरं काही नको शेठ. बहिणीनं एवढं एक मानावं, बस."

मी हे ऐकलं आणि विसरलो. माझ्या डोक्यात माझी गाडी होती.

आठव्या दिवशी संध्याकाळी गेलो तर जोड बरणीत. नवव्या दिवशी मंडळी मला सोडून गेली. मी तलासरीला पोचलो तेव्हा रावजी शांतपणे गाडीवर पाण्याचा पाइप मारत होता, यंत्र चालू ठेवून. दुपारी तो माझ्या मागे बसून डहाणूला आला, माझ्या दारात उभं राहून घर टाकलं, बायकोनं दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायला आणि एसटीनं परत गेला. जाताना मी म्हटलं, "तुमच्यामुळे माझी माणसं गेली." तो म्हणाला, "मानसं पुढं भेटतात शेठ. रस्ता हाय ना." तेव्हा मला ते उद्धटपणाचं वाटलं.

माणसं दुसऱ्या दिवशी भेटली. यंत्र झकास चाललं. कच्छमध्ये पोचल्यावर सगळ्यांत नवं यंत्र माझं म्हणून मला पुढे घातलं. एका चहाच्या टपरीवरून निघताना मी हातमोज्याच्या बोटानं साठवलेलं मुक्कामाचं ठिकाण दाबलं. ते दुसरंच निघालं. दीड तास मी पुढे आणि सहा गाड्या मागे. डांबर संपलं, कच्चा रस्ता संपला, मिठाची पांढरी जमीन लागली आणि चिखलात चाकं रुतली. समोर समुद्र. यंत्रावर एक सरळ रेघ, पाण्यातून पश्चिमेला जाणारी. मागून कुणीतरी ओरडला, "शेठ, पोहता येतं ना?" उरलेले चार दिवस त्यांनी मला 'तांडेल', म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणून हाक मारली. जेवताना, पेट्रोल भरताना, फोटो काढताना. मी हसत होतो आणि आतून पेटत होतो.

परत येताना मी घरीसुद्धा गेलो नाही. धुळीनं भरलेली गाडी सरळ तलासरीला टपरीसमोर आडवी लावली. चार गिऱ्हाइकं होती, मगनभाई होता. टपरीमागच्या आपल्या घरातून सुकरी पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली होती. मी रावजीला हाताला धरून यंत्रासमोर उभा केला.

"हे काय आहे?"

त्यानं ठिपका बघितला. "र्‍हाऊ द्या शेठ. कुनाला तरास नाय त्याचा."

"मला झालाय. माझ्या यंत्रात तुमचं काय काम? काय आहे हे, सांगा."

तो सुकरीकडे बघत होता. ती थांबली होती. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. आज मला कळतं की तिच्यासमोर त्याला ते सांगता येईना. त्या वेळी मला एवढंच दिसलं की हा माणूस मला उत्तर द्यायच्या लायकीचा समजत नाही. मी त्याच्या डोळ्यांदेखत ते ठिकाण पुसून टाकलं आणि वर म्हणालो, "तुमच्या हातच्या जोडानं माणसं कुठं पोचतात ते सगळ्या तलासरीला ठाऊक आहे."

बोललो ते बोललो. मगनभाईनं मान खाली घातली. सुकरी कळशी घेऊन आत गेली. रावजीनं फडकं घेऊन यंत्राच्या काचेवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "तुमची मशीन हाय शेठ." स्टुलावर जाऊन बसला. त्यानंतर माझ्या गाडीला त्यानं हात लावला नाही. मीही गेलो नाही. दोन वर्षं त्याचं तोंड बघितलं नाही. ह्या दोन वर्षांत गाडी चिखलातून, खड्ड्यांतून, वेड्यासारख्या पावसातून गेली. यंत्र एकदाही बंद पडलं नाही, त्यामुळे त्याला बोल लावायलाही मला जागा मिळाली नाही.

मग वरोरहून हरेश्वर तांडेलचा फोन आला. त्याच्या बोटीला माझा बर्फ जातो. लाद्या हलक्या भरतात, दोन दिवसांत पाणी होतं, अशी त्याची तक्रार. मी तावातावानं गेलो. ओहोटी होती, बोट खाडीच्या चिखलात कलली होती. शिडीनं वर चढून त्याचं बर्फाचं कोठार तपासलं, झाकण सैल आहे हे दाखवून दिलं, भांडण जिंकलं. खाली उतरणार एवढ्यात केबिनमध्ये चालू असलेल्या जीपीएसवर नजर गेली. निळं पाणी आणि मधोमध, नाव नसलेला एक ठिपका.

"हे काय आहे, हरेश्वर?"

"तो? तो रावजीचा आकडा. त्यानं वायरिंग केलेल्या सगल्या मशीनीत हाय. वरोरला हाय, वाढवणला हाय, डहानूला हाय."

"कसला आकडा?"

हरेश्वर झाकणावर बसला. "त्यांची मशीन बंद पडली ना शेठ, तवा सुकाणावर रावजी व्हता. मशीनवर शेवटचा जो आकडा दिसला तो त्यानं डोक्यात धरला. तिकडं तुरुंगात कागद नाय, पेन्सिल नाय. तीन वर्सं रोज सकाली उठून आकडा म्हनायचा. तो आकडा आपल्या हद्दीतला हाय. परत आल्यावर कुनी लिहून घेतला नाय. उलट म्हनाले, तुझ्या डोक्यातला आकडा म्हंजे काय पुरावा? मंग त्यानं मशीनींत टाकायला घेतला. म्हनायचा, माजा डोका गेला तरी आकडा र्‍हायला पायजे. आमी कोन काडत नाय. दर्यावरचा मानूस तो आकडा काडनार नाय."

मी दर्यावरचा माणूस नव्हतो. मी बर्फाच्या पावतीच्या मागे तो आकडा उतरवून घेतला, वरचा अक्षांश आणि खालचा रेखांश. घरी आल्यावर गाडीवर बसून एकेक अंक दाबत यंत्रात टाकला. ठिपका उमटला. निळ्या पाण्यात, मधोमध. मला हलकं वाटलं. सौदा मिटवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलासरीला गेलो. टपरी बंद होती. मगनभाईनं नुसतं मागच्या बाजूला बोट दाखवलं. रावजी घराच्या ओट्यावर खाटेवर होता. आधीच वाळलेला माणूस, आता खाटेवर चादर तेवढी दिसत होती. राळेचा धूर नव्हता तो. खोकला त्यानं पलीकडून आणला होता, आणि डॉक्टरांकडे जायला फार उशीर केला होता.

मला माफी मागता येत नाही. मी म्हटलं, "तुमचा माल परत आणलाय." गाडी ढकलत ओट्याला लावली, चावी फिरवली, ठिकाण उघडलं.

तो कोपरावर उठला. त्यानं ठिपक्याकडे बघितलंच नाही. खालचे अंक वाचले, ओठ हलवत. एकदा. परत एकदा. मग उशीवर पडला आणि मला वाटलं त्याला खोकल्याची उबळ आली. तो हसत होता. तसलं हसणं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

"शेठ," तो म्हणाला, "तुमी पन आमाला पलीकडंच टाकला."

मला काही कळेना. मी खिशातून पावती काढली, अंक ताडून बघितले. एकही चुकला नव्हता. त्यानं दम खात खात मला समजावलं, गिऱ्हाइकाला समजावल्यासारखं. बोटीच्या मशीनवर अंश आणि मिनिटं असतात. मिनिटं साठ. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश. गाडीच्या मशीनवर मिनिटं नाहीत, अंशाचे शंभर भाग धरलेले. मी बोटीवरचे तीस जसेच्या तसे इकडे तीस म्हणून टाकले, आणि ठिपका सरकला पश्चिमेला. थोडाथोडका नाही, काही कोस. हद्दीच्या रेघेच्या पार.

"मिनिटांना साठानं भागायचा असते. तुमी नाय भागला." त्यानं डोळे मिटले. "तिकडचा साहेब बी असाच म्हनायचा, तुमी आमच्या पान्यात. इकडचा बी म्हनला. पाडा म्हनला. आता तुमची मशीन म्हनते."

आयुष्यभर मी माप करण्यात कुणाला हार गेलो नव्हतो. मी म्हटलं, "सांगा. आता सांगा, मी टाकतो."

त्यानं सांगितलं. डोळे मिटलेले, बोटानं चादरीवर भागाकार करत, एकेक अंक. मी दाबत गेलो. मधे तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. ठिपका परत उमटला. दिसायला तसाच, निळ्या पाण्यात. त्यानं उठून अंक वाचले आणि मान हलवली. मग बोटाच्या नखानं काचेवर एक तिरकी रेघ ओढून दाखवली. हद्द इथून जाते. ठिपका अलीकडे होता.

"एवढंच त्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं. आवाज चढलाच.

"त्या दिवशी ती उभी व्हती." तो हळू बोलला. "तिच्यासमोर आकडा सांगितला तं ती जोडाचं विचारनार."

"मग?"

"जोड माजाच व्हता शेठ. वायर कुजलेली. तांडेल म्हनला, आता बांध, बंदरावर गेल्यावर नीट कर. मी हातानं पिलून टेप मारली. दिसायला पक्का दिसत व्हता. संध्याकाली जोड सुटला, मशीन बंद पडली. आभाल भरलेला, तारा नाय. सकाली समोर त्यांची लाँच. मदे रातभर बोट कुठं कुठं गेली, मला नाय माहीत. मी तेवढाच सांगतो जेवढा माहीत हाय. जान्या इथपर्यंत आपल्याकडं व्हता." त्यानं काचेवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत मी त्याला नीट आनला."

मी वळलो तेव्हा शेजारच्या दारात सुकरी उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. ती आत गेली आणि दार लोटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रावजी गेला. त्या मधल्या दिवसांत सुकरी त्याच्या घरात गेली का, हे मी मगनभाईला विचारलं. तो म्हणाला, रोज सकाळी ओट्यावर पेजेचं भांडं ठेवलेलं असायचं. ठेवताना कुणी दिसलं नाही. बोलताना तर नाहीच.

मातीला मी गेलो होतो. वरोरहून, वाढवणहून तांडेल आले होते, बोटी सोडून. बोईसरचे दोघे आपल्या गाड्या घेऊन आले होते. माणसं पांगली, मी गाडीकडे आलो तर सुकरी गाडीजवळ उभी.

"दाखव," ती म्हणाली.

मी चावी फिरवली. रिले टिकटिकला, काच उजळली. ठिकाण उघडलं. ती वाकून बघत राहिली. तिला अंक वाचता येत नव्हते.

"ह्यो जान्या?"

"हो."

"नि रेघ?"

रावजीनं जिथून ओढली होती तिथून मी नखानं ओढली. तिनं ती दोनदा ओढायला लावली.

"म्हंजे अलीकडं."

"अलीकडे."

"मंग रावजी खोटा नव्हता बोलत."

"नव्हता."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनि जोड?"

बर्फाच्या धंद्यात मी हजार वेळा खोटं बोललो आहे, आणि कधी अडखळलो नाही. पाणी झालेली लादी कोरडी म्हणून खपवली आहे. एक शब्द बोललो असतो तर त्या बाईचा भाऊ तिला परत मिळाला असता, निदान तेव्हा मला तसं वाटलं. पण रावजीनं तेवढंच सांगितलं होतं जेवढं त्याला माहीत होतं.

"जोड त्याचाच होता," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं आणि फक्त कुणीतरी तिच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मग तिनं हात पुढे केला. यंत्राखालून झोल घेऊन गेलेली वायर दोन्ही हातांनी धरली आणि हिसका दिला. परत दिला. तिसऱ्यांदा इतक्या जोरानं दिला की अख्खं हँडल तिच्याकडे वळलं. भिंतीपलीकडून ती इतकी वर्षं त्याला हेच करताना बघत असणार.

काच तशीच उजळ होती.

"हा तं नाय निघत," ती म्हणाली, आणि वायर सोडून घरात गेली.